नोटपॅड++ मधला पंधरावा बाइट: २०२३ च्या मेमरी ओव्हरफ्लो त्रुटीचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२३ च्या उत्तरार्धात गिटहब सिक्युरिटी लॅब या सुरक्षा संशोधकांच्या गटाने नोटपॅड++ या टेक्स्ट एडिटरमधल्या चार त्रुटींचा तपशील जाहीर केला. लॅबमधले संशोधक यारोस्लाव लोबाचेव्स्की यांनी त्या शोधल्या होत्या. कोणत्या फंक्शनमध्ये काय चुकतं याचं वर्णन त्यात होतं, त्रुटी सिद्ध करणाऱ्या नमुना फाइली कशा तयार करायच्या तेही होतं. दुरुस्ती मात्र कुठेच नव्हती. ज्यांनी नेमाने अपडेट करून ८.५.६ ही त्या वेळची ताजी आवृत्ती बसवली होती, त्यांच्या संगणकावरही चारही त्रुटी जशाच्या तशा होत्या.

चारांपैकी तीन वाचनाच्या होत्या, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचत होता. त्यांची तीव्रता दहापैकी ५.५, म्हणजे मध्यम ठरली. चौथी लेखनाची होती: हीपवरच्या बफरच्या, म्हणजे मजकुरासाठी मागून घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या, पलीकडे बाइट लिहिला जात होता. तिला जाहीर त्रुटींच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०२३-४००३१ हा क्रमांक आणि ७.८ अशी उच्च तीव्रता मिळाली. या अभ्यासाचा मुख्य विषय तीच आहे. पण चौघींना एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. चारही त्रुटी फाइल उघडल्यापासून तिचं पहिलं अक्षर पडद्यावर दिसेपर्यंतच्या क्षणार्धात घडतात. वापरणाऱ्याने काही टाइप केलेलं नसतं, काही चालवलेलं नसतं. त्याने फक्त एक फाइल उघडलेली असते, तीही साधी मजकुराची.

उघडणं म्हणजे काय काय

नोटपॅड++ ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००३ मध्ये आली. डॉन हो यांनी ती लिहिली आणि आजही प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडेच आहे. तो मुक्त स्रोत आहे, सी++ मध्ये लिहिलेला आहे, फक्त विंडोजसाठी आहे आणि आतला संपादनाचा गाभा सिंटिला या ग्रंथालयाचा (तयार कोडच्या संचाचा) आहे. प्रोग्रॅमर, सिस्टिम अॅडमिन, डेटा हाताळणारे लोक, ज्यांना कुठलीही अनोळखी फाइल एकदा उघडून बघायची असते अशा सगळ्यांच्या हाताशी तो असतो. ही सवय इथे महत्त्वाची आहे. एखाद्या फाइलबद्दल शंका आली तर माणसं ती वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडायला कचरतात आणि ‘निदान टेक्स्ट एडिटरमध्ये बघू’ म्हणतात. शंकास्पद लॉग, कुणीतरी पाठवलेली कॉन्फिग फाइल, मालवेअरची संशयित स्क्रिप्ट, सगळं तिथेच उघडलं जातं. मजकूर निरुपद्रवी असतो हा समज इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असं फारसं कुणाला वाटत नाही.

प्रत्यक्षात उघडण्याच्या त्या क्षणात बरंच काम होतं. फाइल डिस्कवरून १२८ किलोबाइटांच्या तुकड्यांत वाचली जाते. मग तिचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडण्याची पद्धत, ओळखायचं असतं. सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारे खुणेचे बाइट असतील तर प्रश्न सोपा होतो. नसतील तर बाइटांच्या वारंवारतेवरून अंदाज बांधावा लागतो आणि त्यासाठी मोझिलाच्या जुन्या कोडमधून आलेलं युचारडेट हे ग्रंथालय वापरलेलं आहे. युनिकोड (सर्व लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) मजकूर आत युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच ठेवला जातो, त्यामुळे फाइल युटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये असेल तर तिचं रूपांतर करावं लागतं. शेवटी सुरुवातीच्या मजकुरावरून ही एक्सएमएल आहे की शेल स्क्रिप्ट की पीएचपी, याचाही अंदाज घेतला जातो, म्हणजे रंगसंगती आपोआप लागते.

वाचन, ओळख, रूपांतर, पुन्हा ओळख. यातलं एकही काम वापरणाऱ्याने मागितलेलं नसतं, पण एकही नसलं तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा एडिटर शोधेल. आणि प्रत्येक कामात अनोळखी व्यक्तीने लिहिलेले बाइट हे इनपुट असतं. चारही त्रुटी याच साखळीत सापडल्या: एक रूपांतरात, दोन एन्कोडिंगच्या अंदाजात, एक भाषेच्या अंदाजात.

नऊ बाइटांचं गणित

रूपांतर करणाऱ्या वर्गाचं नाव युटीएफ८_१६_रीड आणि फंक्शनचं नाव कन्व्हर्ट. त्या सोर्स फाइलच्या माथ्यावर कॉपीराइटचं वर्ष २००२ आहे, म्हणजे हा भाग एडिटरच्या पहिल्या आवृत्तीपेक्षाही जुन्या मुळाचा आहे.

युटीएफ-१६ मध्ये नेहमीच्या वापरातलं प्रत्येक अक्षर दोन बाइटांत बसतं. युटीएफ-८ मध्ये तेच अक्षर एक, दोन किंवा तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षरं एकात मावतात, ग्रीक किंवा सिरिलिक दोनांत. देवनागरीला तीन लागतात: ‘क’ चा युनिकोड क्रमांक ०९१५ आहे आणि युटीएफ-८ मध्ये तो ई० ए४ ९५ असा तीन बाइटांचा होतो (हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेले आहेत). इमोजीसारखी फार वरच्या क्रमांकाची चिन्हं युटीएफ-८ मध्ये चार बाइट घेतात, पण युटीएफ-१६ मध्येही ती जोडीने चारच घेत असल्यामुळे तिथे वाढ होत नाही. म्हणजे सर्वांत वाईट स्थिती दोनाचे तीन ही. मराठी मजकुराची युटीएफ-१६ फाइल ही अशी वाईट स्थिती रोज निर्माण करते, आणि विंडोजच्या मूळ नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ निवडून फाइल जतन केली की ती याच प्रकारची होत असे.

तर रूपांतरित मजकुरासाठी किती जागा मागायची? कोडमधलं सूत्र असं होतं: लांबी, अधिक लांबीचा अर्धा भाग, अधिक एक. आठ बाइट आले तर ८ + ४ + १ = १३. गरज जास्तीत जास्त चार जोड्या गुणिले तीन, म्हणजे १२. एक बाइट शिल्लक राहतो, सगळं ठीक.

आता नऊ बाइट घ्या. पूर्णांकांच्या भागाकारात नऊचा अर्धा भाग चार होतो, वरचा अर्धा टाकून दिला जातो. ९ + ४ + १ = १४. इतकी जागा मागितली गेली. रूपांतराचं चक्र सुरू होतं. पहिल्या चार जोड्यांचे १२ बाइट लिहिले जातात. एक बाइट उरतो. चक्र स्वतःला विचारतं, शेवट आला का? नववा बाइट अजून बाकी आहे, म्हणून उत्तर नाही असं येतं. मग ते नववा बाइट घेतं आणि त्याच्या जोडीला पुढचा, इनपुटच्या बाहेरचा बाइटही घेतं. त्या दोघांचं एक अक्षर बनतं आणि ते तीन बाइटांचं असू शकतं. बारा आणि तीन पंधरा. जागा चौदाची.

सूत्रातला तो अधिक एक मला फार बोलका वाटतो. उरलेल्या एकट्या बाइटसाठी या सूत्रात दोन बाइटांची तरतूद झालेली दिसते, एक लांबीतून आलेला आणि एक वरून दिलेला. गरज तीनाची होती. विषम लांबीचा विचार अजिबातच झाला नसता तर गोष्ट वेगळी. इथे काठावर थोडी सैल जागा सोडलेली आहे, पण काठावर नेमकं काय घडतं हे मात्र मोजलेलं नाही. पुनरावलोकन करणाऱ्यालाही असा अधिक एक दिसला की बरं वाटतं आणि नजर पुढे सरकते.

मूळ विसंगती मात्र सूत्रापेक्षा खोल आहे. जागा मोजणारा कोड असं धरून चालला की अपुरी जोडी फारशी मोजायची गरज नाही. लिहिणारा कोड असं धरून चालला की अपुरी जोडीही पूर्ण करून लिहायची. दोन्ही गृहीतकं आपापल्या जागी चालण्यासारखी होती. ती एकाच वेळी खरी असू शकत नव्हती आणि त्यांची गाठ घालून देणारं कोडमध्ये काहीच नव्हतं. वैध युटीएफ-१६ फाइलची लांबी नेहमी सम असते, त्यामुळे रोजच्या वापरात ही विसंगती वर येण्याचं कारणच नव्हतं. डाउनलोड अर्धवट तुटलेली फाइल विषम लांबीची होऊ शकते. किंवा कुणी मुद्दाम तशी बनवू शकतं.

जाहीर झालेली नमुना फाइल तशीच होती: सुरुवातीला बीओएमचे दोन बाइट आणि पुढे एकाच किमतीचे बाइट, एकूण लांबी १२८ किलोबाइटांपेक्षा किंचित जास्त आणि विषम. हा आकार का, ते गणितातूनच कळतं. पहिल्या तुकड्यातले बीओएमचे दोन बाइट रूपांतरातून वगळले जातात, पण जागा मोजताना ते धरलेले असतात, त्यामुळे तिथे तीन बाइटांची सूट मिळते आणि चूक झाकली जाते. दुसऱ्या तुकड्यात बीओएम नसतो आणि सूटही नसते. छोट्या फाइलींवर चाचणी करणाऱ्याला ही त्रुटी दिसण्याची शक्यता याच कारणाने आणखी कमी होते.

एका बाइटने काय बिघडतं

हा प्रश्न अशा प्रत्येक त्रुटीच्या वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. हीप म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना लागेल तशी मागून घेतलेली मेमरी. त्यात एकाच्या शेजारी एक असे तुकडे असतात आणि तुकड्यांच्या मध्ये वाटप सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या स्वतःच्या नोंदी असतात: हा तुकडा केवढा, वापरात आहे की मोकळा. बफरबाहेर लिहिलेला बाइट शेजारच्या डेटावर किंवा या नोंदींवर पडतो. नोंद बिघडली की पुढचं वाटप चुकीच्या ठिकाणी होतं, दोन वेगळ्या गोष्टींना एकच जागा मिळते आणि तिथून हल्लेखोराला हातपाय पसरता येतात.

बहुतेक वेळा मात्र काहीच होत नाही, आणि हेच अशा त्रुटीच्या दीर्घायुष्याचं कारण आहे. ६४-बिट विंडोजवर वाटप सोळा बाइटांच्या पटीत केलं जातं. चौदा मागितले तरी पंधरावा बाइट भरावाच्या मोकळ्या जागेत पडून जातो. प्रोग्रॅम कोसळत नाही, कुणाला कळत नाही. पण फाइलची लांबी हल्लेखोर ठरवतो. भराव शिल्लक राहणारच नाही अशी लांबी निवडणं त्याच्यासाठी साध्या बेरजेचं काम आहे.

एका बाइटच्या चुकीला कमी लेखू नये याचा धडा २०१४ मध्ये मिळालेला आहे, आणि योगायोग असा की तोही अक्षरसंच बदलणाऱ्या कोडमधलाच आहे. लिनक्सवरच्या जीलिबसी या पायाभूत ग्रंथालयात अक्षररूपांतराच्या एका फंक्शनमध्ये बफरच्या पुढे फक्त एक शून्य बाइट लिहिला जात होता. तो वापरता येईल का यावर वाद झाला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाने लिनक्सच्या ३२-बिट फेडोरा २० वर त्या एकाच बाइटच्या आधारे रूटचे, म्हणजे संगणकावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवून दाखवले आणि वाद तिथे संपला. लिहिता येणारी किंमतही त्यांना निवडता येत नव्हती, ती शून्यच होती.

याचा अर्थ नोटपॅड++ वर तसाच हल्ला सहज करता आला असता असं मी म्हणणार नाही. विंडोजच्या हीपमधल्या नोंदी यादृच्छिक किमतीने झाकलेल्या असतात, तुकड्यांची जागाही बदलती असते. शिवाय तीन बाइटांच्या युटीएफ-८ अक्षरात तिसरा बाइट फक्त ८० ते बीएफ या हेक्साडेसिमल पट्ट्यातला असू शकतो, म्हणजे हल्लेखोराला हवी ती किंमत लिहिता येत नाही. फाइल उघडताना त्याला आत स्क्रिप्ट चालवून मेमरीची मांडणी आपल्या सोयीची करून घेण्याची संधीही नसते, जी ब्राउझरमध्ये मिळते. हे सगळं हल्ला अवघड करतं.

मग ७.८ हा आकडा जास्त नाही का? मला तो योग्य वाटतो. हल्ला संगणकावरच, म्हणजे फाइल उघडून करावा लागतो आणि माणसाने ती कृती करावी लागते, म्हणून आकडा नऊच्या वर गेला नाही. पण यशस्वी झाला तर गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता तिन्ही जातात. हल्ला किती अवघड आहे याचा आजचा अंदाज उद्याच्या तंत्राने बदलतो. मेमरीबाहेर लेखन होतं ही वस्तुस्थिती बदलत नाही. दुरुस्ती त्या वस्तुस्थितीवर ठरावी.

बाकीच्या तिघी

सीव्हीई-२०२३-४००३६ आणि ४०१६४ या दोन्ही युचारडेटमधल्या. अंदाज बांधताना हे ग्रंथालय तयार तक्त्यांमध्ये किमती शोधतं, आणि विशिष्ट बाइटक्रम दिला तर तक्त्यातला क्रमांक तक्त्याच्या टोकापलीकडे जातो. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या प्रकल्पात आणून ठेवला की त्याच्या चुका आपल्या होतात, आणि मूळ प्रकल्पात नंतर झालेल्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. प्रती आणून ठेवलेल्या अशा ग्रंथालयांची यादी आणि आवृत्ती लिहून ठेवणं कंटाळवाणं आहे, पण ते न करण्याची किंमत अशी कधीतरी चुकवावी लागते.

तिसरी, सीव्हीई-२०२३-४०१६६, भाषा ओळखणाऱ्या फंक्शनमधली आहे आणि ती प्रत्येक नव्या सी++ प्रोग्रॅमरला दाखवावी इतकी स्वच्छ आहे. फंक्शन आधी फाइलच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा ओलांडतं. मग पहिल्या अर्थपूर्ण अक्षरापासून पुढची ४० अक्षरं उचलतं आणि त्यांत एक्सएमएलची सुरुवात, स्क्रिप्टची शिबँग ओळ (ती कशाने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) वगैरे काही दिसतं का ते बघतं. पुढे ४० अक्षरं खरोखर आहेत का, हे ते विचारत नव्हतं. जवळजवळ पूर्ण मोकळ्या जागांची फाइल दिली की फंक्शन शेवटापर्यंत चालत जातं आणि तिथून पुढची चाळीस, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी मेमरी वाचतं.

वाचनाच्या त्रुटींना ‘फक्त वाचन’ म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. पण वर म्हटलेली यादृच्छिक मांडणी टिकते ती हल्लेखोराला पत्ते माहीत नसतात म्हणून. बाहेरची मेमरी वाचली जाणं आणि बाहेर लिहिलं जाणं या दोन्ही गोष्टी एकाच प्रोग्रॅममध्ये असतील, तर पहिली दुसरीची वाट मोकळी करू शकते. त्यासाठी वाचलेली माहिती हल्लेखोरापर्यंत पोहोचावी लागते आणि एडिटरमध्ये ते सोपं नाही. तरी चौघींना एकत्र पाहणं भाग आहे.

वेळ कुठे गेला

लोबाचेव्स्की यांनी त्रुटी ८.५.२ या आवृत्तीत शोधल्या आणि प्रकल्पाला खाजगीरीत्या कळवल्या. गिटहब सिक्युरिटी लॅबचं धोरण सर्वांना माहीत असलेलं आहे: कळवल्यापासून ९० दिवस, मग जाहीर वाच्यता. मधल्या काळात ८.५.३, ८.५.४, ८.५.५ आणि ८.५.६ अशा चार आवृत्त्या निघाल्या. चारांतही दुरुस्ती नव्हती. तपशील जाहीर झाल्यावर ३० ऑगस्टला प्रकल्पाच्या सार्वजनिक नोंदवहीत प्रश्न उघडला गेला, ३ सप्टेंबरला चारही दुरुस्त्या मुख्य कोडमध्ये आल्या आणि त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ८.५.७ बाहेर पडली.

म्हणजे खाजगीत महिनोन् महिने न हललेलं काम चारचौघांत आल्यावर दोन आठवड्यांत झालं. यावरून प्रकल्पाला सुरक्षेची पर्वा नव्हती असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने सीआयएची कागदपत्रं उघड केली आणि त्यात नोटपॅड++ ची एक डीएलएल (प्रोग्रॅम वापरतो ती सोबतची कोड फाइल) बदलून हेरगिरी करण्याची युक्ती दिसली, तेव्हा याच प्रकल्पाने लागलीच ७.३.३ काढून त्या डीएलएलची डिजिटल सही तपासायला सुरुवात केली होती. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी चालवलेल्या बग बाउंटीतही, म्हणजे त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या योजनेतही, नोटपॅड++ सामील होता. कुवत होती, तयारीही होती.

कमी होती ती यंत्रणा. कळवलेली गोष्ट कुणाकडे जाते, ती वाचली गेल्याची पोच कोण देतं, मुख्य माणूस गुंतलेला असेल तर दुसरं कोण हलतं? मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा विभाग असतो. इथे लाखो संगणकांवर बसलेला प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या मागे मूठभर स्वयंसेवक, त्यांतही निर्णयाचा भार एकावर. त्रुटी जाहीर झाल्या त्याच महिन्यात, ३ ऑगस्ट २०२३ रोजी, विम या एडिटरचे निर्माते ब्राम मूलेनार यांचं निधन झालं. त्यांनीही तीन दशकं आपला प्रकल्प मुख्यतः स्वतःच्या खांद्यावर वाहिला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, विममध्ये हीप ओव्हरफ्लोच्या त्रुटींची रीघ लागली होती आणि त्या एकामागून एक निस्तरण्याचं काम बऱ्याच अंशी त्यांच्यावरच पडलं होतं. विमची सूत्रं पुढे सहकाऱ्यांनी हाती घेतली. या दोन एडिटरांवर जगाचा केवढा कारभार चालतो आणि त्यांना सांभाळणारे हात किती थोडे आहेत, हा विचार मनातून जात नाही.

आता दुसरी बाजू. दुरुस्ती नसताना नमुना फाइलींसह तपशील जाहीर करणं योग्य होतं का? माझं मत होय असं आहे, पण ते मुदतीमुळे, घाईमुळे नव्हे. मुदत आधीपासून ठाऊक असते, सर्वांना सारखी असते आणि तिच्यामुळेच अखेर काम हललं. त्रुटी दडवून ठेवल्याने ती फक्त एका संशोधकालाच माहीत आहे याची खात्री कधीच देता येत नाही. तरी त्या दोन आठवड्यांत वापरणाऱ्यांपुढे करण्यासारखं फार काही नव्हतं. मधल्या चार आवृत्त्यांपैकी एकीत ही एक ओळ गेली असती तर हा पेच पडलाच नसता.

कारण दुरुस्ती खरोखर एका ओळीची होती. आधी लांबी विषम असेल तर एकने वाढवून सम करायची आणि मग तिच्यात तिचा अर्धा भाग मिळवायचा. नऊचे दहा, दहा आणि पाच पंधरा. वरचा अधिक एक गेला, कारण आता त्याची गरज उरली नाही.

दुरुस्तीनंतर उरलेलं काम

संस्थेत नोटपॅड++ वापरला जात असेल तर पहिलं काम आवृत्ती बघण्याचं आहे. मेनूपट्टीच्या शेवटी असलेल्या प्रश्नचिन्हाच्या मेनूत ती कळते, ८.५.७ च्या खालची कुठलीही प्रत बदलायला हवी. अडचण मध्यवर्ती पद्धतीने बसवलेल्या प्रतींची नसते, त्या यादीत असतात. कुणीतरी कधीकाळी झिप उघडून एखाद्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकलेली प्रत कुठल्याच यादीत नसते आणि सर्व्हरवरच्या अनोळखी लॉग फाइली नेमक्या तिच्यातच उघडल्या जातात. म्हणून शोध बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत न घेता डिस्कवरच्या एक्झी फाइलच्या नावाने घ्यावा. आणि शंकास्पद फाइल बघायचीच असेल तर ती प्रशासकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या एडिटरमध्ये कधीही उघडू नये. हल्ला यशस्वी झाला तर हल्लेखोराला मिळतात ते अधिकार एडिटर चालवणाऱ्याचे असतात.

जे स्वतः कोड लिहितात त्यांच्यासाठी या प्रकरणात जास्त सामग्री आहे. एन्कोडिंग बदलणारा, फाइलचं स्वरूप ओळखणारा कोड तुमच्या प्रकल्पात असेल, तर तो सी किंवा सी++ मधला असल्यास अॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधा. हे साधन प्रत्येक वाटपाभोवती निषिद्ध पट्टे आखतं आणि हद्दीबाहेरचा एक बाइटसुद्धा तिथल्या तिथे पकडतं, भरावामुळे तो निरुपद्रवी ठरणार असला तरी. या चारही त्रुटी दाखवताना त्याचाच उपयोग केला गेला, आणि व्हिज्युअल स्टुडिओतही आता तो उपलब्ध आहे. त्याच्या जोडीला फझिंग हवं, म्हणजे यंत्राने बिघडवलेल्या हजारो फाइली सतत खायला घालणं. रूपांतराचं फंक्शन फझिंगसाठी आदर्श असतं: बाइट आत, बाइट बाहेर, मध्ये खिडक्या नाहीत की माउस नाही.

रचनेच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे. जागा मोजणं आणि लिहिणं ही कामं दोन ठिकाणी ठेवू नका. लिहिणाऱ्या चक्रालाच बफरची मर्यादा माहीत असू द्या आणि ती संपली तर त्याने थांबावं किंवा जागा वाढवून घ्यावी. यात थोडा वेग जातो, पण १२८ किलोबाइटांच्या तुकड्यावर तो माणसाला जाणवत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांतल्या सीव्हीईपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सुरक्षिततेच्या चुकांमुळे असतात. मेमरीची हद्द स्वतः तपासणाऱ्या रस्टसारख्या भाषेत वरचा पंधरावा बाइट लिहिण्याचा प्रयत्न झाला असता तर प्रोग्रॅम तिथेच थांबला असता. वीस वर्षांचा सी++ प्रकल्प कुणी उद्या रस्टमध्ये लिहून काढणार नाही, पण अनोळखी बाइट हाताळणारे दोन-चार तुकडे वेगळे काढून लिहिता येतात.

आणि चाचण्यांमध्ये काठ तपासा. युटीएफ-१६ च्या फाइली बीओएमसह आणि बीओएमविना, दोन्ही बाइटक्रमांत, लांबी शून्य, एक, दोन, तीन. मग १,३१,०७२ बाइटांच्या, म्हणजे १२८ किलोबाइटांच्या, एक अलीकडची, नेमकी तेवढी, एक पलीकडची आणि पाच पलीकडची. आतला मजकूर इंग्रजीचा नको, कारण तो युटीएफ-८ मध्ये आक्रसतो आणि चूक लपवतो. तो देवनागरीचा घ्या, प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं होईल.